शेवटच्या सुरासाठी झडती

विद्यापीठाच्या तालवृंदाचा एक जुना नियम होता. वृंदातल्या कोणी नवी रचना केली, तर ती वार्षिक मैफलीत एकदाच वाजवायची. आणि तिचा शेवटचा सूर पूर्णपणे विरला, की तिथल्या तिथे, रंगमंचावरच, तिच्यावर मतदान घ्यायचे. मतदानाची रीत ताल धरणाऱ्या माणसांना शोभेल अशीच होती. रचना ठेवावी असे ज्याला वाटे, त्याने आपल्या वाद्यावर एक ठोका द्यायचा. ज्याला नको असेल, त्याने काठ्या खाली ठेवायच्या. श्रोत्यांना हा रचनेचाच शेवट वाटे आणि ते मनापासून टाळ्या वाजवत. बहुमत मिळालेली रचना वृंदाच्या कायमच्या यादीत जाई. न मिळालेली तालीमखोलीतल्या लोखंडी कपाटात जाई. सव्वीस वर्षांत त्या कपाटात एकोणीस रचना गेल्या होत्या, आणि बाहेर काय ती एक पाल आली होती.

विसावी रचना आपली असू नये, एवढ्यासाठी पुरावा तीन वर्षे खपत होती.

पुरावा हे तिचे खरे नाव नव्हते, हे सांगायला नकोच. ती पदार्थविज्ञान विभागात ध्वनीवर प्रबंध लिहीत होती. वृंदात आली त्या पहिल्याच दिवशी वृंदाचे सर म्हणाले होते, ‘‘ह्या खोलीत मारिंबा सकाळी जास्त गोड वाजतो.’’ त्यावर नव्या मुलीने शांतपणे विचारले होते, ‘‘पुरावा?’’ सरांना सव्वीस वर्षांत असे कोणी विचारले नव्हते. ते दोन मिनिटे खिडकीबाहेर बघत राहिले, आणि त्या दोन मिनिटांत तिचे नाव कायमचे ठरून गेले.

तिच्या रचनेला मात्र नाव नव्हते. नाव म्हणजे श्रोत्याच्या कानात आधीच ओतून ठेवलेले मत, असे तिचे म्हणणे होते. सात मिनिटांची ती रचना सातही वादकांच्या गदारोळाने सुरू होई. मग एकेक वाद्य गप्प होत जाई, आणि अखेरीस उरे तो तिचा मारिंबा, आणि त्यावरची सर्वांत खालची, सर्वांत लांब लाकडी पट्टी. जेवणाच्या टेबलापेक्षा मोठ्या त्या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली एक नळी टांगलेली असते. ह्या पट्टीखालची नळी माणसाच्या मांडीएवढी जाड होती. पट्टीवर लोकरीने मढवलेल्या दोन काठ्या सलग दोन मिनिटे फिरवायच्या, उत्तरोत्तर हलक्या, इतक्या हलक्या की सूर नेमका केव्हा संपला हे सभागृहातल्या एकाही माणसाला सांगता येऊ नये. साऱ्या रचनेचा जीव ह्या एका गोष्टीत होता.

‘‘मग टाळ्या कधी वाजवायच्या, ते कळणार कसं?’’ आईने विचारले होते. आई कपडे शिवून देत असे, आणि कुठलीही गोष्ट नीट गाठ मारून संपवावी असे तिचे मत होते.

‘‘न कळण्यातच तर गंमत आहे, आई.’’

‘‘लोकांना दोन तास खुर्चीत बसवायचं, आणि उठायचं कधी ते सांगायचं नाही. गंमत तुझी. पाय त्यांचे.’’

मैफल रविवारी दुपारी चारला होती. शुक्रवारी वृंद सामानासह सभागृहात दाखल झाला. विंचवाचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर मावते. तालवृंदाचे टेम्पोतही मावत नाही. तांब्याचे चार नगारे, घंटा, झांजा, पत्रे, लाकडी ठोकळे आणि एक भला मोठा ढोल उतरवता उतरवता दुपार झाली. मारिंबाची पट्टी न् पट्टी घोंगडीत गुंडाळून आणली होती. तो जोडून झाल्यावर पुरावाने खालच्या पट्टीवर काठ्या फिरवल्या. सूर आला. खोल, गोल, अपेक्षेप्रमाणे. आणि त्याच्याबरोबर, त्याच्या बगलेतून, कुठूनसा झर्रर्र असा एक किरटा आवाज आला.

सातही जण जागच्या जागी थिजले.

तालवाद्ये वाजवणाऱ्यांना हे दुखणे चांगले परिचयाचे असते. एखादा सूर निघाला, की खोलीतली भलतीच एखादी सैल वस्तू त्याच्या नादाने थरथरू लागते. वस्तू कोणती, हे ती स्वतःहून सांगत नाही. तिला शोधण्याची पद्धत एकच: एकाने सूर धरून ठेवायचा, आणि बाकीच्यांनी सभागृहभर फिरून दिसेल त्या वस्तूवर तळहात ठेवत जायचे. ज्या वस्तूवर हात ठेवताच झर्रर्र थांबेल, ती चोर. बाहेरच्या माणसाने हा प्रकार पाहिला, तर त्याला सहा तरुण माणसे खुर्च्यांना आशीर्वाद देत हिंडत आहेत असे वाटेल.

पहिला चोर घरचाच निघाला. बारक्या ड्रमच्या पोटाखाली तारा असतात. त्या सैल सोडायच्या राहिल्या होत्या. तारा सोडल्या, तरी झर्रर्र होतेच. मग दिव्याची एक झडप सापडली. मग तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीची नंबरपट्टी. मग सभागृहाच्या काकांचा किल्ल्यांचा फळा; हे काका तीस वर्षे सभागृहाची देखभाल करत होते, आणि तो फळा हलवायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून प्रत्येक किल्लीला दोऱ्याने बांधावे लागले. प्रत्येक चोर पकडला, की त्याच्यामागे दबून बसलेला दुसरा ऐकू येई. शनिवार संध्याकाळपर्यंत अठरा वस्तू बांधून, चिकटवून किंवा हद्दपार करून झाल्या होत्या. एकोणिसावी निघाली संस्थापक कुलगुरूंची तसबीर. तिची काच सैल होती.

‘‘तसबीर उतरवता येणार नाही,’’ वकीलीण म्हणाली. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वृंदात त्रिकोण वाजवत असे, म्हणजे पोलादी कांबीचे ते तीन कोनांचे, टिंग करणारे वाद्य. ‘‘त्याला ठराव लागतो.’’

‘‘उतरवत नाही आपण. नुसती भिंतीकडे तोंड करून टेकवतोय,’’ पुरावा म्हणाली.

‘‘टेकवा, टेकवा,’’ काका खालून शिडी धरत म्हणाले. ‘‘हयात असतानाही ते कोणाकडे बघायचे नाहीत.’’

रविवारी दुपारी साडेबाराला पुरावाने पट्टीवर पुन्हा काठ्या फिरवल्या. सूर आला, विरत गेला, आणि त्याच्यासोबत दुसरे काहीही आले नाही. तिने तीनदा पडताळून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. ते सुमारे चार मिनिटे टिकले.

‘‘ताई,’’ पहिलवान म्हणाला. पहिलवान मोठा ढोल वाजवी. त्याचे वजन एक्कावन्न किलो होते आणि ढोलाचे त्याहून थोडे जास्त. ‘‘सभागृह रिकामं आहे म्हणून ठीक. पण चारला माणसं येतील ना?’’

‘‘येतील. मग?’’

‘‘माणसांच्या खिशात वस्तू असतात.’’

पुरावाने काठ्या खाली ठेवल्या. हा मुद्दा आपल्याला सुचला नाही याचे दुःख, आणि तो पहिलवानाला सुचला याचे त्याहून मोठे दुःख, अशी दोन्ही दुःखे तिने एकदमच गिळली आणि सायकल काढून प्रयोगशाळेकडे पिटाळली.

तीन वाजता सभागृहाच्या दारात जी व्यवस्था उभी होती, तशी कुठल्याही मैफलीच्या दारात आजवर कोणी पाहिली नसेल. एका टेबलावर सिग्नल जनरेटर, म्हणजे हव्या त्या उंचीचा सूर अखंड काढणारे, पावाच्या डब्याएवढे यंत्र. ते सेकंदाला पासष्ट कंपनांवर लावलेले, कारण पट्टीचा सूर तेवढाच होता. त्याला जोडलेला कमरेएवढा लाउडस्पीकर. त्याच्यासमोर जमिनीवर खडूने काढलेली दोन पावले. श्रोत्याने त्या पावलांवर तीन सेकंद उभे राहायचे. अंगावरचे काही झर्रर्र वाजले नाही, तर खुशाल आत जायचे. वाजले, तर ती वस्तू शोधून जमा करायची आणि पहिलवानाकडून नंबराची चिठ्ठी घ्यायची.

पहिले पंधरा लोक हसले. पुढच्यांनी कुरकुर केली. त्यापुढच्यांना वाटले की हा कुठलासा सरकारी नियम असावा, आणि ते मुकाट्याने खिसे रिकामे करू लागले. किल्ल्यांचे जुडगे आले, चष्म्यांच्या पत्र्याच्या डब्या आल्या, बांगड्या आल्या, मोडक्या छत्र्या आल्या, एका गृहस्थाच्या पिशवीतून नुकताच दुरुस्त करून आणलेला नळ आला.

एक काकू आत गेल्या. त्यांचे यजमान मात्र पावलांवर उभे राहताच वाजू लागले. किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, घड्याळ काढले, तरी वाजतच राहिले.

‘‘माझ्याकडे आता काही नाही हो,’’ ते काकुळतीने म्हणाले.

‘‘त्यांचं नाक आहे ते,’’ आतून काकू ओरडल्या. ‘‘चाळीस वर्षं ऐकतेय मी. यंत्र कशाला लागतंय?’’

पुरावाने कान जवळ नेऊन खात्री करून घेतली. नाक जमा करून घेण्याची सोय नव्हती. शेवटचा सूर येईल तेव्हा तोंडाने श्वास घेण्याच्या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले.

पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख, म्हणजे तिचे मार्गदर्शक, पावलांवर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडातून बारीक कटकट ऐकू आली. दोघांनाही कारण एकदमच कळले. विभागप्रमुख प्रयोगाला आयुष्य वाहिलेले गृहस्थ होते. त्यांनी पाठ फिरवली, वरची कवळी काढली, रुमालात बांधली, चिठ्ठी क्रमांक अठ्ठ्याण्णव घेतली आणि ओठ मिटून ताठ मानेने आत गेले.

मग आई आली. ठेवणीतली पर्स छातीशी धरून ती पावलांवर उभी राहिली, आणि पर्स मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमली.

‘‘टाचण्यांची डबी आहे, आई. दे इकडे.’’

‘‘टाचण्या बरोबर असाव्या लागतात. कोणाचं काही ऐन वेळी उसवलं तर?’’

‘‘आई, नियम सगळ्यांना सारखा.’’

‘‘नऊ महिने पोटात होतीस, तेव्हा मी तुझी झडती घेतली नव्हती,’’ आई म्हणाली, आणि मागच्या रांगेतली सगळी माणसे पुरावाकडे अशा नजरेने पाहू लागली की तिने लाउडस्पीकरचा आवाज उगाचच थोडा वाढवला. डबी मात्र जमा झाली.

चारला पाच मिनिटे कमी असताना मोजदाद झाली. श्रोते दोनशे बारा. जमा वस्तू एकशे त्रेचाळीस. त्या सगळ्या वृंदाच्या पत्र्याच्या पेटीत भरण्यात आल्या, ज्या पेटीतून एरवी झांजा येत-जात.

‘‘पेटी दारात ठेवून चालणार नाही,’’ काका म्हणाले. ‘‘लोकांच्या किल्ल्या आहेत, दागिने आहेत. मैफलीच्या वेळी दारात कोणी नसतं. उद्या काही गेलं म्हणजे?’’

‘‘शिवाय जबाबदारी आपली,’’ वकीलीण म्हणाली. ‘‘माल ताब्यात घेतला, की तो नजरेसमोरच हवा.’’

‘‘मग रंगमंचावरच ठेवू,’’ पुरावा म्हणाली. ‘‘मागच्या पडद्याआड. तिथे सात जण कायम हजर आहेत.’’

पडद्याआड वाद्यांच्या रिकाम्या खोक्यांनी सगळी जागा अडली होती. मोकळी जागा एकच उरली होती, आणि पेटी तिथे बरोब्बर बसली. सगळ्यांनी चोरीचा विचार केला होता. चोरीच्या दृष्टीने व्यवस्थेत काहीही उणे नव्हते.

पहिल्या चार रचना उत्तम झाल्या. वृंद त्या दिवशी खरोखरच रंगात होता. नगाऱ्यांच्या गडगडाटात पत्रे आणि झांजा अशा कोसळत होत्या, की पडद्याआड एखादी पेटी खुळखुळत असती तरी ती कोणाला ऐकू गेली नसती. ती खुळखुळत होतीच. मग पाचवी रचना सुरू झाली, बिननावाची. गदारोळ उठला, एकेक वाद्य गप्प होत गेले. नगारे थांबले, घंटा थांबल्या, पहिलवानाने ढोलावरचा हात उचलला, आणि अखेर वकीलिणीने त्रिकोण मुठीत धरून त्याचा शेवटचा टिंग विझवला. सरांनी डावा हात वर केला. सूर विरेपर्यंत तो वर राहणार होता आणि सूर संपताच खाली येऊन मतदान सुरू होणार होते.

पुरावाने काठ्या खालच्या पट्टीवर नेल्या.

सूर आला. आणि त्याच्यापाठोपाठ, तिच्या पाठीमागून सव्वा हातावरून, पडदा हलवत, असा काही आवाज आला की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पाय वर घेतले.

काय झाले आहे, हे पुरावाला अर्ध्या सेकंदात उमगले. उरलेली एक मिनिट साडेएकोणसाठ सेकंदे ती ते ऐकत होती. पासष्ट कंपनांच्या सुराला हटकून प्रतिसाद देणाऱ्या एकशे त्रेचाळीस वस्तू. एकेक पारखून घेतलेल्या. ज्या प्रतिसाद देत नव्हत्या, त्या काटेकोरपणे बाजूला ठेवलेल्या. असा निवडक संग्रह पत्र्याच्या पेटीत भरून तिने तो त्याच सुराच्या नळीजवळ आणून ठेवला होता. ह्याहून चांगला झर्रर्र मुद्दाम करू म्हटले असते, तरी तिला जमला नसता.

काठ्या थांबवता येत नव्हत्या. रचना वाजवायची ती एकदाच. सूर हलका करावा, तर पेटीतल्या जड वस्तू गप्प होऊन बारीक वस्तू बोलू लागत. किल्ल्या मागे पडल्या, की बांगड्या पुढे येत.

पहिलवान हळूच ढोलामागून सटकला आणि पडद्याआड जाऊन पेटीवर पालथा पडला. एक्कावन्न किलोंनी फारसा फरक पडला नाही. उलट एक नवा, दणदणीत खडखडाट सुरू झाला. वादकांची झडती कोणी घेतली नव्हती, आणि पहिलवानाच्या पट्ट्याचे बक्कल पितळी होते.

‘‘माझा नळ!’’ सभागृहातून कोणीतरी ओळख पटवली.

‘‘त्या माझ्या बांगड्या. चांगल्या ओळखते मी.’’

मग विभागप्रमुख उठून उभे राहिले आणि त्यांनीही आपल्या वस्तूचे नाव एका शब्दात उच्चारले. वरच्या दातांशिवाय तो शब्द उच्चारणे फार कठीण असते. पण शब्द कोणता, याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहिली नाही. सभागृह हसण्यात बुडाले. त्या हसण्यात सूर केव्हा संपला, हे खरोखरच कोणाला कळले नाही. पण पुरावाला अभिप्रेत होते ते हे नव्हे.

सरांचा हात खाली येऊ लागला. सहा वादकांनी काठ्या उचलल्या किंवा खाली ठेवण्याच्या बेताने हलवल्या. कपाटाचे दार तिला डोळ्यांसमोर दिसले.

‘‘थांबा,’’ पुरावा म्हणाली.

मैफल चालू असताना रंगमंचावर कोणी बोलल्याची ही पहिलीच वेळ होती.

‘‘प्रयोगच बिघडलाय,’’ ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण युक्तिवाद शाबूत होता. ‘‘तुम्ही मत देणार ते पेटीला. माझी रचना अजून कोणी ऐकलेलीच नाही. ऐकून मग खुशाल कपाटात टाका.’’

‘‘नियम एकदाच वाजवण्याचा आहे,’’ नगारेवाला म्हणाला.

‘‘रचना एकदा वाजवावी, असा आहे,’’ वकीलीण उत्साहाने पुढे आली. असल्या क्षणासाठीच ती जगत असे. ‘‘आता जे वाजलं ते रचनेच्या कागदावर आहे का? नळ लिहिलाय कुठे? पट्ट्याचं बक्कल लिहिलंय? नाही. म्हणजे ती रचना वाजलेलीच नाही.’’

सरांनी हात अधांतरीच ठेवला होता. त्यांनी मान वळवून विंगेत उभ्या असलेल्या काकांना विचारले, ‘‘श्रोते थांबतील का हो?’’

‘‘जातील कुठे?’’ काका म्हणाले. ‘‘किल्ल्या आपल्याकडे आहेत.’’

पेटी उचलून बाहेर नेण्यात आली. काका पुढे, पहिलवान मागे, आणि दोनशे बारा माणसे उभी राहून ‘‘अहो, ती कुठे चालली?’’ असे ओरडत असताना एखाद्या मोठ्या माणसाची वरात निघावी तशी ती खुर्च्यांमधून गेली. बाहेरच्या फाटकापाशी ती ठेवली, तेव्हा तिच्यावर पहारा कोणी द्यायचा हा प्रश्न निघाला. विभागप्रमुख न बोलता गेले आणि पेटीवर बसले. पेटीत सगळ्यांच्या वस्तू होत्या. पण अवयव त्यांचा एकट्याचा होता. पहिलवानाने पट्टा काढून त्यांच्या हवाली केला आणि परत येताना एका हाताने विजार धरून ठेवली.

दारे लागली. सरांनी डावा हात वर केला. शेवटच्या दोनच मिनिटांपुरते वाजवायचे ठरले होते.

पुरावाने सूर धरला.

ह्या वेळी तो एकटाच आला. लाकडातून निघून नळीत उतरला आणि जमिनीवरून खुर्च्यांच्या पायांपर्यंत गेला. ऐकू येण्याआधी तळव्यांना कळावा असा. काकूंचे यजमान तोंड उघडे ठेवून बसले होते. सूर हलका होत गेला. खोकला आलेल्या एका माणसाने तो आवरला. आवरताना त्याचे डोळे भरून आले, पण आवरला. एक मिनिट झाले. दीड झाले. काठ्यांची लोकर पट्टीला टेकत होती, की तिच्या केसभर वर हवेतच फिरत होती, हे आता खुद्द पुरावालाही सांगता आले नसते. हात फिरत होते. मग हातही फिरायचे थांबले असावेत.

सरांचा हात वरच होता.

दहा सेकंदे गेली. वीस गेली. पहिलवानाने मोकळ्या हातात ढोलाची काठी घेतली, सरांकडे पाहिले आणि पुन्हा ठेवली. सूर पूर्ण विरल्याशिवाय मतदान होत नाही. आणि तो विरला की नाही, हे ठरवायला कोणी तयार नव्हते.

‘‘संपलाय,’’ नगारेवाला ओठांतल्या ओठांत म्हणाला.

‘‘मला येतोय ऐकू,’’ वकीलीण म्हणाली.

‘‘तो पंखा आहे.’’

‘‘पंखे बंद आहेत.’’

सरांचे कान साठ वर्षांचे होते. त्यांनी हात वर ठेवूनच मान किंचित तिरकी केली, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेले हसू वृंदातल्या कोणी सव्वीस वर्षांत पाहिले नव्हते. हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी तो उजव्या हाताने धरला. एव्हाना दीड मिनिट उलटले होते.

‘‘अहो मास्तर,’’ अखेर सभागृहातून आईचा आवाज आला, ‘‘संपलं असेल तर हात खाली घ्या. खांदा धरेल तुमचा.’’

सभागृह हसले. आता मात्र सूर संपला आहे, याबद्दल मतभेद उरला नाही. सरांचा हात खाली आला. पहिलवानाने ढोलावर ठोका दिला. दोन्ही हातांनी दिला, आणि विजार वेळेवर पकडली. नगारा वाजला. घंटा वाजली, पत्रा वाजला, लाकडी ठोकळा वाजला. सहावी वकीलीण. तिने त्रिकोण उंच धरला आणि टिंग केले. त्रिकोणाचा नाद लवकर मरत नाही, आणि तो चालू असताना निकाल सांगणे नियमात बसत नाही, असे तिनेच बजावले. म्हणून सगळे जण आणखी अर्धा मिनिट उभे राहिले.

रचना कायमच्या यादीत गेली. तिच्या नोंदीपुढे सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘श्रोत्यांची झडती आवश्यक. पेटी आवाराबाहेर.’

फाटकापाशी चिठ्ठीवाल्यांची लांबच लांब रांग लागली होती. विभागप्रमुख आता सदंत होते आणि चिठ्ठ्या पाहून वस्तू वाटत होते. काकूंच्या यजमानांना त्यांनी दुसऱ्याचाच नळ देऊ केला होता आणि यजमान तो घ्यायला तयारही झाले होते. पुरावा पायऱ्यांवर बसली होती. आई टाचण्यांची डबी उघडून मोजून घेत शेजारी येऊन बसली.

‘‘छान झालं,’’ आई म्हणाली. ‘‘दुसऱ्यांदा.’’

‘‘कधी संपलं ते कळलं नाही ना तुला?’’

‘‘कळलं की.’’

पुरावाने मान वळवली. ‘‘शक्य नाही. मला स्वतःला कळलं नाही. सरांना नाही कळलं.’’

‘‘तू श्वास रोखून धरला होतास,’’ आई डबीचे झाकण लावत म्हणाली. ‘‘सुईत दोरा ओवताना लहानपणी धरायचीस तसा. मग सोडलास. म्हटलं, ओवला गेला. संपलं.’’

पुरावाने मनाशी हिशेब मांडला. विभागप्रमुख सोडून आत उरलेल्या दोनशे अकरांपैकी एका श्रोत्याला शेवट ओळखता आला होता. एकाही माणसाला कळू नये, असे उद्दिष्ट असताना एक म्हणजे एक; टक्केवारी पूर्णांकात काढून त्याचे शून्य करता येत नव्हते.

‘‘पुढच्या वेळी,’’ ती शेवटी म्हणाली, ‘‘तू खांबामागे बसशील का?’’

‘‘बसेन,’’ आई म्हणाली. ‘‘पण डबी देणार नाही.’’